हेस्टर प्रिंगलची पाटी

पापाटोएटो, ऑकलंड
९ मार्च २०२५

मंदाआत्या,

नमस्कार. काल तुझा फोन अर्धवट राहिला. मागे मिक्सर चालू होता, सुशीलदादा मध्येच काहीतरी विचारत होता आणि तू "नंतर सांगते" म्हणून ठेवून दिलास. मला जेवढं कळलं तेवढं लिहिते. चुकलं असेल तर दुरुस्त कर.

तुमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या रॉस नावाच्या गृहस्थांकडे एका मूकपटाचं रीळ आहे. त्यात लेखिका म्हणून हेस्टर प्रिंगलचं नाव येतं, असं ते म्हणतात. हेस्टर प्रिंगल म्हणजे इथल्या थेम्स गावातून हॉलिवूडला गेलेली पटकथालेखिका, जिच्यावर तू चार वर्षं पुस्तक लिहिते आहेस. ते रीळ आमच्या लॅबमध्ये स्कॅन करावं आणि त्यात नाव आहे असं मी लेखी द्यावं, अशी तुझी इच्छा आहे.

स्कॅन करता येईल. आमची लॅब जुन्या फिल्म डिजिटल करण्याचंच काम करते आणि माझा वरिष्ठ वाइरेमू परवानगी देईल. पण "नाव आहे असं लेखी दे" हे मी आत्ता कबूल करू शकत नाही. जे दिसेल ते लिहीन.

त्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. रीळ त्यांच्याकडे कसं आलं? पुस्तक चार वर्षं चालू आहे, मग ते आत्ताच कसं निघालं? तू स्वतः ते नाव पाहिलं आहेस का? आणि या रॉसना तू किती ओळखतेस?

रीळ पोस्टाने पाठवू नकोस. त्या काळची फिल्म पटकन पेट घेते. मी गाडीने येऊन नेईन.

सिद्धी


ते रापा, हॅमिल्टन
१६ मार्च

इन्स्पेक्टरबाई,

आशीर्वाद घ्या. तुझं पत्र वाचून मी आधी खिडकीतून बघितलं, म्हटलं मागोमाग पोलीसही येताहेत की काय. बारा वर्षांची होतीस तेव्हा मी तुला बाहुली दिली, तर तू तिच्या पोटातला सेल कुठल्या कंपनीचा आहे ते बघितलंस. इंजिनिअर झालीस, बरं झालं.

पण पत्रच बरं. या घरात फोन म्हणजे जाहीर सभा. स्वयंपाकघर, हॉल, जेवणाचं टेबल, सगळं एकच. मी "हॅलो" म्हटलं की सून नीता आमटी ढवळायची थांबते आणि सुशील टीव्हीचा आवाज कमी करतो. नात तेवढी हेडफोन लावून बसते, ती माझी खरी मैत्रीण.

आता तुझी उत्तरं. रॉस हेस्टरच्या भावाचा नातू. हा भाऊ थेम्समध्ये सिनेमाचा हॉल चालवायचा. अमेरिकेतून निघालेली फिल्म जग फिरून शेवटी न्यूझीलंडला यायची, आणि परत पाठवायचं भाडं फिल्मच्या किमतीहून जास्त, म्हणून कितीतरी इथेच पडून राहिल्या. हे रीळ रॉसच्या भावाच्या शेडमध्ये होतं. तो भाऊ डिसेंबरात वारला, म्हणून ते आत्ता निघालं. पण नावाबद्दल रॉस मला पहिल्या वर्षापासून सांगतोय. खरं तर हेस्टर मला दिली त्यानेच. पहिल्या मार्चमध्ये तो पिशवीभर फेजोआ फळं घेऊन दारात आला, मी त्यांची चटणी करून परत दिली, तर म्हणाला, "माझी आजे-आत्या असती तर तिने हे सिनेमात घातलं असतं."

त्यानंतरचं सगळं मी स्वतः शोधलं आहे, त्याच्या शब्दावर नाही. हेस्टर १९१३ साली गेली, स्टुडिओत टायपिस्ट म्हणून लागली. दुसऱ्यांच्या गोष्टी टाइप करता करता ती शेवट बदलायची. एका दिग्दर्शकाच्या लक्षात आलं की हाताने लिहिलेल्या प्रतीपेक्षा टाइप केलेली प्रत चांगली असते. तिला हाकलण्याऐवजी त्याने तिला लिहायला बसवलं. सहा वर्षांत अकरा चित्रपटांवर तिचं नाव आहे. त्या काळच्या सिनेमाच्या मासिकांत एकेक सापडतं. मग तिने क्लॅरेन्स होल्ट नावाच्या दिग्दर्शकाशी लग्न केलं, आणि त्यानंतर एकाही चित्रपटावर तिचं नाव नाही. "कथा व दिग्दर्शन क्लॅरेन्स होल्ट." सगळे लिहितात की लग्नानंतर तिने लेखन सोडलं. सिद्धी, जी बाई दुसऱ्याचा मजकूर टाइप करतानासुद्धा गप्प बसू शकली नाही, ती सोडेल?

रॉसकडचं रीळ "द लँटर्न ऑन द जेटी"चं आहे. लग्नानंतरचा चित्रपट. अमेरिकेत त्याची प्रत उरलेली नाही. त्यावर तिचं नाव असेल तर माझं पुस्तक उभं राहतं. नसेल तर शेवटचं प्रकरण म्हणजे एका निवृत्त प्राध्यापिकेची कल्पना, आणि प्रकाशक ते घेणार नाहीत. मे अखेर सगळं हवंय त्यांना.

मी नाव पाहिलेलं नाही. रॉसने लहानपणी पाहिलंय. तो म्हणतो, "इट्स देअर, मॅन्डा. पण पापणी लववलीस तर गेलं." मंदाचं त्याने मॅन्डा केलंय. मीही त्याला एकदा रोशन म्हणून हाक मारली. फिटंफाट.

येशील तेव्हा जेवायला थांब.

आत्या


पापाटोएटो
३० मार्च

मंदाआत्या,

गेल्या शनिवारी जेवायला थांबता आलं नाही, कारण रीळ गाडीत होतं आणि ऊन होतं.

फिल्मबद्दल आधी. काठावर कारखान्याची खूण आहे. तिच्यावरून कोरी फिल्म कोणत्या वर्षी बनली ते काढता येतं, आणि ते १९२० निघतं. म्हणजे रीळ खरं आहे. आकसलेलं आहे, काही ठिकाणी चिकट झालं आहे, पण सावकाश स्कॅन होईल. रीळ खरं असलं तरी त्यामुळे नाव सिद्ध होत नाही.

आता रॉसबद्दल. तू पाच मिनिटं चहा करायला आत गेलीस तेव्हा मी त्यांना विचारलं, नाव पडद्यावर किती वेळ राहायचं. त्यांनी चुटकी वाजवली. मूकपटातली मजकुराची पाटी इतका थोडा वेळ कधीच नसते. सावकाश वाचणाऱ्यालाही वाचता यावी म्हणून ती बरेच सेकंद ठेवतात. मग मी विचारलं, एवढ्याशा वेळात सहा-सात वर्षांच्या मुलाने वाचलं कसं? ते म्हणाले, "आजोबांनी सांगितलं होतं काय वाचायचं ते." म्हणजे त्यांनी नाव पाहिलं की ऐकलं, हे त्यांना स्वतःलाही माहीत नसावं. चांगल्यात चांगला अर्थ हा आहे.

दुसरी गोष्ट. त्यांनी मला विचारलं की पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्यांचा फोटो येणार ना. असं काही ठरलं असल्याचं तू मला सांगितलं नव्हतंस.

तिसरी. रीळ त्यांनी आता स्वतःच्या शेडमध्ये ठेवलं होतं, तिथल्या दारावर नवीन कुलूप आहे. जुन्या कड्या, नवीन कुलूप. त्यांनी ते माझ्यासमोर उघडलं नाही, मला बाहेर थांबवून आत गेले. आत आणखी काय आहे?

तू रोज दुपारी तिकडे जातेस. तुझा निर्णय आहे. पण तू ज्या माणसाच्या शब्दावर चार वर्षांचं काम ठेवते आहेस, त्याच्याबद्दल मला तुला इतकंच विचारावंसं वाटतं की, हे प्रश्न तू स्वतः का विचारले नाहीस?

सिद्धी


ते रापा
६ एप्रिल

सिद्धी,

फोटोचं आधी. तो पूर्ण असं म्हणाला होता: "मुखपृष्ठावर माझा फोटो येणार ना? पोहायचे टॉग्ज घातलेला, एकोणीसशे पासष्टचा. तेव्हा खपतील हीप्स ऑफ कॉपीज." मी आतून ऐकलं आणि हसले. तू हसली नसशील. बिचारा म्हणाला, तुझी भाची कस्टम्समध्ये आहे का?

शेडमध्ये त्याच्या बायकोचे कपडे आहेत. ती जाऊन तीन वर्षं झाली, त्याला ते टाकवत नाहीत आणि दाखवतही नाहीत. कुलूप मीच आणलं, वेअरहाऊसच्या दुकानातून, कारण जुनं गंजून तुटलं होतं. लिहून ठेव तुझ्या तपासात.

आणि मी प्रश्न का विचारले नाहीत? विचारले. गेल्या चार वर्षांत मी त्याला इतके प्रश्न विचारलेत की त्याची मुलगी तौरांगाहून येते तेव्हा माझ्याकडूनच त्यांच्या घराण्याची माहिती घेते. पण मी उत्तर ऐकताना माणसाकडे बघते. तू कड्यांकडे बघतेस.

आता मी एक विचारते, सरळ सांग. हे सगळं तुझ्याच डोक्यातून निघालंय, की तुला कुणी विचारायला सांगितलं? गुढीपाडव्याला मराठी मंडळात दोघीजणी मला बघून बोलायच्या थांबल्या. सुशील परवा जेवताना म्हणाला, "आई, एकटे म्हातारे पुरुष कसे गोड बोलतात, पेपरात रोज येतंय." मी म्हटलं, एकट्या म्हाताऱ्या बायकाही गोड बोलतात, वरण वाढू का?

स्कॅन कधी होईल ते कळव. मला रात्री झोप लागत नाही असं मी म्हणणार नाही, लागते. पण जाग आली की पहिला विचार त्याचाच असतो.

आत्या


पापाटोएटो
४ मे

मंदाआत्या,

स्कॅन पूर्ण झालं. मी संपूर्ण चित्रपट दोनदा पाहिला, त्यातला सुरुवातीचा भाग सावकाश.

त्यात हेस्टर प्रिंगलचं नाव नाही. खरं तर कुणाचंच नाही. या प्रतीत एकही पाटी नाही. चित्रपटाचं नाव नाही, संवाद नाहीत, शेवटी समाप्तसुद्धा नाही. फक्त दृश्यं एकामागोमाग येतात. जुन्या प्रतींमधून पाट्या कापून काढलेल्या बऱ्याचदा सापडतात, त्यातलाच हा प्रकार असावा. सुरुवातीला फिल्म चिकटवल्याचा एक जोड दिसतो, पण तो कधीचा आहे हे सांगता येत नाही.

यातून दोनच गोष्टी निघतात. पाट्या रॉसच्या जन्माआधीच कापल्या गेल्या असतील तर त्यांनी लहानपणी नाव पाहिलं, हे खरं नाही. आणि पाट्या नंतर कापल्या असतील तर त्या कुणी आणि का कापल्या, हे ज्यांच्या घरात रीळ होतं त्यांनाच माहीत असणार. दोन्हीपैकी काहीही असलं तरी त्यांच्या सांगण्यावर तुला छापील पुस्तकात विधान करता येणार नाही. "पापणी लववलीस तर गेलं" हे वाक्य मला पहिल्यापासून खटकत होतं. जे दाखवता येत नाही, त्याबद्दल माणसं असंच बोलतात.

शेवटचं प्रकरण काढावं असं मला वाटतं. बाकीच्या अकरा चित्रपटांवरचं नाव पक्कं आहे, पुस्तक त्यांच्यावर उभं राहील. रॉसवर किती विश्वास ठेवायचा ते तू ठरव. मी ठेवणार नाही.

सोबत लॅबच्या कागदावर अहवाल आहे. रीळ आमच्या थंड खोलीत सुरक्षित आहे. ते परत कधी आणून देऊ?

सिद्धी


ते रापा
१३ मे

सिद्धी,

अहवाल मिळाला. तो मी टेबलावर ठेवला होता, तर संध्याकाळी सुशीलने वाचलेला होता. त्याला वाईट वाटलं नाही एवढं मात्र दिसलं.

काल मी रॉसकडे गेले. चहाला बसले नाही. उभ्या उभ्या विचारलं, "तू ते नाव खरंच पाहिलं होतंस का?" तो म्हणाला, "हो." मी म्हटलं, "सिद्धी म्हणते नाही आहे." तो म्हणाला, "सिद्धी काय म्हणते ते ऐकलं. तू काय म्हणतेस?"

मी तशीच उभी राहिले. माझ्या हातात तुझा कागद होता. त्याने तो बघितला, मागितला नाही. मग दार लावून घेतलं, आपटलं नाही, हळूच.

प्रकाशकांना कळवलं की शेवटचं प्रकरण नाही.

रीळ परत आणायची घाई करू नकोस. तो म्हणाला, ते तुमच्याकडेच राहू दे.

मंदाआत्या


पापाटोएटो
१५ जून

मंदाआत्या,

हे पत्र पूर्ण वाचून मगच कुणाला काही सांग.

हेस्टर प्रिंगलचं नाव रिळात आहे. रॉस खरं बोलत होते. चूक माझी होती, आणि ती कशी झाली ते नीट सांगते, कारण तुला ते पुस्तकात लिहावं लागेल.

शुक्रवारी मी रीळ नव्या डब्यात घालण्यासाठी टेबलावर हाताने गुंडाळत होते. खाली दिव्याची काच असते. राखाडी चित्रं सरकत असताना मध्येच एक काळा चौकोन गेला. पुन्हा थोड्या अंतराने दुसरा. मी थांबून भिंगातून पाहिलं. काळ्यावर पांढरी अक्षरं. ती पाटी होती. एकाच फ्रेमची. पूर्ण चित्रपटात अशा साठहून जास्त आहेत, सगळ्या एकेका फ्रेमच्या.

वाइरेमूला हाक मारली. त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, "अरे, या तर झटकपाट्या." त्याने समजावलं ते असं. परदेशी पाठवायच्या फिल्ममध्ये प्रत्येक पाटी पूर्ण लांबीची ठेवली तर फिल्म वाढते, वजन वाढतं. म्हणून पाटीची एकच फ्रेम घालायचे. जिथे फिल्म पोहोचेल तिथल्या लॅबने ती एक फ्रेम वाचता येईल इतकी लांबवून नवी प्रत काढायची, अशी पद्धत होती. थेम्सला आलेल्या या प्रतीवर ते काम कुणी केलंच नाही. ती तशीच दाखवली गेली. म्हणून नाव एका चुटकीएवढंच दिसायचं.

मग ते माझ्या स्कॅनमध्ये का नव्हतं? स्कॅन झाल्यावर फाइल एका सॉफ्टवेअरमधून जाते. ते धूळ, ओरखडे, डाग काढतं. त्याचा नियम साधा आहे. जी गोष्ट एकाच फ्रेममध्ये आहे, आधीच्या फ्रेममध्ये नाही आणि नंतरच्याही नाही, ती कचरा समजायची. ती काढून शेजारच्या फ्रेमवरून जागा भरायची. मी तो नियम सगळ्यात कडक ठेवला होता, कारण फिल्म फार मळलेली होती. त्याने सगळ्या पाट्या कचरा म्हणून काढल्या. मी पाहिलेला चित्रपट हा मी साफ केलेला चित्रपट होता. कच्चं स्कॅन त्याच फोल्डरमध्ये होतं. मी ते उघडलं नव्हतं. उघडायची गरज वाटली नाही, कारण उत्तर काय येणार ते मला आधीच माहीत आहे असं वाटत होतं.

पहिल्या पाटीवर चित्रपटाचं नाव आहे. दुसरीवर असं आहे: "कथा आणि पटकथा, हेस्टर प्रिंगल, थेम्स, न्यूझीलंड." होल्ट नाही, प्रिंगल. क्लॅरेन्स होल्टचं नाव तिसऱ्या पाटीवर, फक्त दिग्दर्शक म्हणून. ही पाटी परदेशी जाणाऱ्या प्रतीवरच का राहिली, ते मला माहीत नाही. वाइरेमूचा अंदाज असा की परदेशच्या पाट्या आधी बनल्या असतील आणि अमेरिकेतल्या नंतर बदलल्या असतील. तो अंदाज आहे, तसाच लिही. फ्रेमचा फोटो सोबत आहे. जुना अहवाल मी रद्द केला आहे, नवा जोडला आहे.

आता दुसरं. एप्रिलमध्ये तू मला सरळ विचारलं होतंस की मला कुणी सांगितलं का. मी उत्तर दिलं नाही. सुशीलदादाने फेब्रुवारीतच मला फोन केला होता. त्याचे शब्द असे होते: "तू फक्त तपास. आई माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल, तू मोजून बोलतेस." मी हो म्हटलं. तपास करण्यात चूक नव्हती. पण निकाल काय यायला हवा ते त्याने सांगितलं नसतानाही मला कळलं होतं, आणि मी त्या दिशेला झुकून बघत होते. हे मला शुक्रवारी भिंगाखाली कळलं, त्याआधी नाही.

प्रकाशकांकडे अजून वेळ आहे का ते कळव. रॉसना मी स्वतः पत्र लिहू की तू सांगशील?

सिद्धी


ते रापा
२४ जून

सिद्धी,

फोटो मी चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला, खिडकीशी नेऊन पाहिला. मग स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचला. नातीने हेडफोन काढून विचारलं, "आजी, हू इज शी?" मी म्हटलं, बस, सांगते. दीड तास बसली. सुशील उभाच होता, फ्रिजला टेकून. शेवटी म्हणाला, "म्हणजे म्हातारा खरं बोलत होता." मी म्हटलं, "त्याला नाव आहे." एवढंच. त्याला मी आणखी काही बोलले नाही. तो माझी काळजी करतो हे मला कळतं, पण काळजी करताना त्याला माझं वय दिसतं, मी दिसत नाही.

प्रकाशकांचं ठीक आहे. त्यांची मे अखेर दरवर्षी ऑगस्टात येते. प्रकरण पुन्हा पुस्तकात गेलं, तुझ्या फोटोसकट.

रॉसचं ठीक नाही. तो मे महिन्याच्या शेवटीच मुलीकडे तौरांगाला गेला. घरापुढे विक्रीची पाटी लागलीय. हे मी तुला कळवलं नव्हतं, काय कळवायचं ते समजत नव्हतं. परवा फोन केला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दॅट्स वंडरफुल न्यूज, मॅन्डा. थँक यू फॉर लेटिंग मी नो." सिद्धी, तो माझ्याशी सभ्यपणे बोलला. चार वर्षांत तो माझ्याशी एकदाही सभ्यपणे बोलला नव्हता.

तू स्वतःला फार दोष देऊ नकोस. तू त्याला ओळखत नव्हतीस. यंत्राने सांगितलं ते तू लिहिलंस. त्याने मला विचारलं होतं, "तू काय म्हणतेस?" आणि मी हातातला कागद घट्ट धरून उभी राहिले. मी ओळखत होते.

हेस्टरवर चार वर्षं लिहितेय की तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. आणि वेळ आली तेव्हा मी काय केलं?

मला तौरांगाला नेशील का? सुशील नेतो म्हणाला, पण मला तो नको. आणि हो, मी घरात येणार नाही. गाडीत बसेन. तो नको म्हणाला तर तुला उगाच लांबचा फेरा पडेल, पण पेट्रोल मी भरीन.

आत्या


पापाटोएटो
६ जुलै

मंदाआत्या,

काल परतताना आपण दोघी फार बोललो नाही. गाडीत तुमचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारत नाही. घरात काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

त्यांची मुलगी बाहेर गेली होती. रॉसनी दार उघडलं, किया ओरा म्हणून नमस्कार केला, आत बोलावलं. तुझ्याबद्दल विचारलं नाही. मी आधी माफी मागितली. दोन वाक्यांत मागितली, कारण जास्त बोलले असते तर ती माझ्या समाधानासाठी झाली असती. त्यांनी मान हलवली आणि टीव्हीकडे बोट दाखवलं. मी लॅपटॉप जोडला.

मी तुला सांगितलं नव्हतं, गेले दोन आठवडे कामानंतर मी एक नवीन प्रत तयार केली. प्रत्येक झटकपाटी तिच्या जागी ठेवून वाचता येईल इतकी लांबवली. हे काम शंभर वर्षांपूर्वी इथल्या एखाद्या लॅबने करायचं होतं. वाइरेमू म्हणाला, उशिरा का होईना, ऑर्डर पूर्ण झाली. यात बदल काहीच नाही. फ्रेम तीच आहे, फक्त तिला तिचा वेळ दिला आहे.

चित्रपट सुरू झाला. पहिली पाटी आली, गेली. दुसरी आली. रॉस खुर्चीत पुढे सरकले. ओठ हलवत त्यांनी ती वाचली, सावकाश, बोटाने हवेत ओळ धरून. "थेम्स, न्यूझीलंड" पर्यंत आले आणि थांबले. म्हणाले, "हे मला कधीच दिसलं नव्हतं. मला फक्त हेस्टर दिसायचं. तेवढ्यातच जायचं ते. आजोबा अंधारातून ओरडायचे, 'वाचलंस?' आणि मी 'हो' म्हणायचो. त्यांना बरं वाटायचं."

म्हणजे मार्चमधला माझा संशय थोडासा बरोबर होता. त्यांनी पूर्ण वाचलं नव्हतं. हे तू पुस्तकात घालावंस की नाही ते त्यांना विचारून ठरव. मला वाटतं घालावं.

मग त्यांनी विचारलं, "आणि तुझ्या मशीनला हे काय वाटलं होतं?"

मी म्हटलं, "कचरा."

ते पडद्याकडे वळले. मग म्हणाले, "हं. क्लॅरेन्सलाही तेच वाटलं असणार." आणि हसायला लागले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. हसता हसता खोकला आला, मी पाणी आणलं. ग्लास हातात धरून त्यांनी खिडकीतून रस्त्याकडे बघितलं. आपली गाडी तिथून दिसत होती. काच धुक्याने भरली होती, तू दिसत नव्हतीस.

"ती आत का नाही आली?"

"तुम्ही बोलावलं नाहीत म्हणून."

"चार वर्षांत ती कधी बोलावल्यावर आली होती?" ते म्हणाले. ते मला माहीत नव्हतं.

ते उठले. बाहेर पाऊस होता, मी छत्री पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. मोज्यांवरच जँडल्स, म्हणजे रबरी चपला, चढवल्या, अंगठ्याजवळचा पट्टा काही केल्या जाईना, तशाच अर्धवट ओढत गेले. पायऱ्यांवर मी त्यांचा हात धरायला गेले तर म्हणाले, "तू आत बस. तुला बघितलं की मला कस्टम्सची आठवण येते."

मी आत आले. चित्रपट चालूच होता, जेट्टीवर एक बाई कंदील घेऊन येत होती. मी मागे नेऊन दुसऱ्या पाटीवर थांबवला. खिडकीतून मला फक्त गाडीचं दार उघडलेलं दिसलं, आणि ते आत बसले, तुझ्याकडच्या बाजूने नाही, चालकाच्या बाजूने. मग दार बंद झालं.

तुम्ही दोघं आत यायला बराच वेळ लागला. तोपर्यंत मी ते नाव पडद्यावर तसंच ठेवलं होतं.

सिद्धी